सलूनमधले सासरेबुवा

मामींची जुनी गाडी ही मामांची सवत आहे, असं रस्त्यावरचा जो तो म्हणे, आणि दरवेळी मामा कात्री थांबवून त्याची चूक दुरुस्त करत.

"सवत परवडली असती हो. सवतीशी भांडता तरी येतं. हा सासरा आहे."

मामा तसे कुणाचेच सख्खे मामा नव्हते. बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या माथ्यावर त्यांचं सलून होतं. खुर्चीच्या हातांवर आडवी फळी टाकून ज्या पोरांचे केस त्यांनी पहिल्यांदा कापले, ती पोरं आता आपापली पोरं घेऊन येत आणि 'मामांना त्रास द्यायचा नाही हं' म्हणून फळीवर बसवत. मामा असे मामा झाले, आणि त्यांची बायको बसल्या जागी मामी झाली.

मामी लाकडाच्या वखारीत वजनकाट्यावर होत्या. ट्रक रिकामा येतो तेव्हा तोलायचा, भरून निघतो तेव्हा तोलायचा, मधला फरक तो माल. एखादा ड्रायव्हर घाईत असला की म्हणे, "रिकामाच आहे मामी, नेहमीचा आकडा टाका ना." मामी मान वर न करता म्हणत, "काट्यावर घे. तोंडाचं वजन मला कळत नाही." घरीही तोच खाक्या. मामांनी आणलेले बटाटे त्या पुन्हा तोलत. स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला मोजपट्टी टांगलेली असे, आणि शिंप्याकडून आलेला पडदासुद्धा तिच्यासमोर हजेरी दिल्याशिवाय दांडीवर चढत नसे.

अशा बाईच्या तोंडून जे दोन शब्द बिनमोजता निघत, ते वडिलांबद्दलचे असत. "आमचे बाबा."

बाबा बोटीवरच्या इंजिनांवर काम करत. त्यांनी ही गाडी भंगारातून उचलली होती. लांब नाकाची, वर सायीच्या रंगाची आणि खाली गर्द हिरवी, गोल दिव्यांची. मुलगी दिवा धरी आणि बाप गाडीच्या पोटात हात घालून बसे. अशी दोघांनी मिळून ती उभी केली. मामींचं बालपण म्हणजे तो दिवा धरलेला हात.

मामा लग्नाचं बोलायला आले तेव्हा बाबा गाडी घेऊन त्यांना न्यायला स्टेशनवर आले होते. त्या घराचा एक नियम होता: ड्रायव्हरशेजारी बसायचं तर कान हवा. इंजिन काय म्हणतंय ते ज्याला कळतं, त्यानेच पुढे. बाबांनी भावी जावयाला पुढे बसवलं, थोडं अंतर गाडी नेली आणि विचारलं, "काय ऐकू येतंय?"

मामांनी कान दिला. खरं तर त्यांच्या छातीचेच ठोके इतके मोठे होते की दुसरं काही ऐकू येण्याची सोय नव्हती. "काही नाही," ते म्हणाले.

बाबांनी गाडी कडेला घेतली, उतरून मागचं दार उघडलं आणि अगदी अदबीने म्हणाले, "इथे ऐसपैस बसाल."

मामा तेव्हापासून मागेच ऐसपैस बसत आले होते. पुढे मामी, शेजारची जागा बाबांची. बाबा गेल्यावर ती जागा रिकामी राहिली, पण मामांना कुणी पुढे बोलावलं नाही आणि त्यांनीही मागितलं नाही. जाताना बाबांनी मुलीच्या हातात किल्ली दिली होती. जावयाच्या हातात गाडी पुसायचं फडकं.

मामा इमानेइतबारे पुसत. "सासरेबुवांची आंघोळ झाली का?" असं विचारणाऱ्या शेजाऱ्याला म्हणत, "झाली. आता फक्त पाय चेपायचे राहिलेत." पाय चेपायला ग्रीस येई. ग्रीस म्हणजे खाडीकाठचा मेकॅनिक. त्याच्या नखांतलं काळं साबणाला कधी वश झालं नव्हतं, म्हणून हे नाव. रविवारी तो गाडीखाली शिरे आणि बाहेर फक्त त्याचे पाय उरत. मामी शेजारी स्टुलावर बसून त्या पायांशी बोलत. आणि हसत. असं हसत, की न्हाणीघरात दाढी करणाऱ्या मामांचा हात थांबे. घरात मामी हसत नसत असं नव्हे, पण ते हसू कसं मोजूनमापून दिल्यासारखं असे. हे गाडीजवळचं हसू सांडत असे.

आरशातल्या स्वतःला मामा विचारत, पायांशी कोण एवढं हसून बोलतं? आणि त्यात ते पाय ग्रीसचे. अंगठ्याशी चप्पल फाटलेली.

वादळाची बातमी आली तेव्हा मामी रेडिओशेजारी उभ्या होत्या. उद्या दुपारी किनाऱ्याला धडकणार, पत्रे उडतील, झाडं पडतील, सखल भागात पाणी शिरेल. मामींनी पहिल्यांदा खिडकीतून मागच्या अंगणात पाहिलं. तिथे पत्र्याची शेड होती, शेडवर जुनं, पोखरलेलं झाड झुकलेलं होतं, आणि खाली गाडी. मामांनी मामींच्या नजरेचा माग काढला आणि त्यांच्या मनात आलं, माझ्या दुकानाच्या शटरचं काय होईल हे हिच्या डोक्यातही आलं नसेल.

"ग्रीसकडे ठेव की," ते म्हणाले. त्यात थोडं विष होतं.

"खाडीला लागून आहे त्याचं गॅरेज. साध्या भरतीलाही बेडूक येतात आत."

"मग वखारीत."

"ओंडके तरंगायला लागले की डोकी मारतील तिला." मामी खिडकीपासून वळल्या. "तुमचं दुकान उंचावर आहे. वर स्लॅब आहे. मावेल का हो तिथे?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मामींनी दुकानाबद्दल असं काही विचारल्याचं मामांना आठवेना. विचारलं तेही कुणासाठी, तर सासऱ्यासाठी. दोन खुर्च्या, तीन आरसे, उभा जन्म ज्या फरशीवर उभं राहून काढला ती फरशी. तिच्यावर आता सासरेबुवा चाकं पसरून बसणार.

"बघतो मोजून," मामा म्हणाले.

दुपारी ते जेवायला आले. दुकानात त्यांनी काहीही मोजलं नव्हतं. सकाळभर ते फक्त धार लावत बसले होते. हात धुता धुता, पाठमोरेच म्हणाले, "नाही मावत. चार बोटं कमी पडतात."

मामींचा हात खिळ्यावरच्या मोजपट्टीकडे गेला. आता ही निघणार, शटरला पट्टी लावणार आणि सगळं उघडं पडणार. पण हात मध्येच थांबला. मामींनी पट्टी सरळ केली, नीट लोंबू दिली आणि हात मागे घेतला.

"बरं," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणता तर नसेल मावत."

जेवताना मामांचा घास तोंडात फिरत राहिला. ट्रकवाल्यांच्या शपथांना जी बाई हिंग लावूनही विचारत नाही, तिने त्यांचं तोंड काट्याशिवाय तोललं होतं. तेही नेमकं आज.

दुपारनंतर मामी अंगणात उतरल्या. बॅटरीची वायर सोडवली, चाकांना लाकडी पाचरी लावल्या, शेडचे खांब दोरखंडाने झाडाच्या बुंध्याला न बांधता घराच्या कठड्याला बांधले. झाडाचा भरवसा नव्हता. मग घरातून गोधड्या आणून टपावर, नाकावर पसरायला सुरुवात केली. तिसरी गोधडी मामांची होती.

"अगं, ती माझी आहे!"

"एका दिवसाने काय होतंय?"

"आणि मी काय पांघरू?"

"तुम्हाला भिंती आहेत," मामी म्हणाल्या आणि गोधडीची कड दिव्याखाली हलकेच खोचली, तापात पडलेल्या माणसाच्या मानेखाली खोचावी तशी. मामांना एकदा ताप आला होता. तेव्हा अशी खोचली होती का, ते आठवण्याचा त्यांनी प्रयत्न केला. आठवेना, आणि आठवत नाही याचाच राग आला. ते तडक दुकानात गेले.

दुकानात पोस्टमन येऊन बसला होता. वादळाच्या आदल्या दिवशी केस कापायला येणारी एक जात असते.

"उद्या काही झालंच तर माणूस नीटनेटका दिसावा," तो म्हणाला. "मामा, एक विचारू? मामी उद्या गाडीत बसून राहणार म्हणे? शेडमध्येच?"

"कोण म्हणालं?"

"ग्रीस सांगत होता. तो त्यांना म्हणाला, अहो घरात बसा. तर मामी म्हणाल्या, पत्रा सुटायला लागला तर दोरी ओढायला कुणीतरी जवळ हवं ना."

मामांची कात्री हवेत एकदा रिकामीच चालली. म्हणजे हे ग्रीसला ठाऊक. नवऱ्याला पोस्टमनकडून कळायचं. आधी हाच काटा टोचला, आणि त्याच्या मागोमाग दुसरा आला, जरा खोल: ते पोखरलेलं झाड, तो पत्रा, आणि त्याखाली मामी.

"मामा, कान माझा आहे," पोस्टमन म्हणाला.

त्याला वाटेला लावून मामा शटरशी आले. आपण किती मोठं खोटं बोललो हे निदान कळावं, एवढ्यासाठीच त्यांना मोजायचं होतं. पट्टी घरी खिळ्यावर होती. पण गाडीचं माप त्यांच्या हातात होतं. वर्षानुवर्षं पुढचा बंपर पुसून पुसून ते पाठ झालं होतं: दोन फडकी आणि एक वीत. सासऱ्यांनी दिलेलं फडकं दुकानातच वाळत पडलं होतं. त्यांनी ते शोकेसच्या कडेपासून पलीकडच्या भिंतीपर्यंत लावलं. एक फडकं. दोन फडकी. आणि भिंत आली.

त्यांनी पुन्हा लावलं. दोन फडकी, आणि भिंत.

म्हणजे खरोखरच मावत नव्हती! चार बोटं कसली, चांगली वीतभर कमी पडत होती. मामांना एकदम हलकं वाटलं. आपण खोटं बोललोच नाही. खोटं बोलायलाही माप लागतं म्हणतात, आपण तर पदरचं सोडून कमीच सांगितलं. घरी जावं, छाती पुढे काढून सांगावं, ये बाई, घेऊन ये तुझी पट्टी.

ते शोकेसला टेकले. आणि टेकल्यावर आठवलं.

ही जागा आधी ट्रकच्या टायरांचं गोदाम होती. तोंड चांगलं रुंद, पुढे गाड्या चढवायला उतार. मामांनी ती घेतली तेव्हा सासरे बघायला आले होते. उतारावरून चालत आत गेले, छताकडे पाहिलं, दोन्ही भिंतींकडे पाहिलं आणि समाधानाने म्हणाले, "छान. गाडी मावेल." खुर्च्या कुठे लावणार, उजेड कुठून येतो, गिऱ्हाईक येईल का, काही नाही. गाडी मावेल.

पुढच्याच आठवड्यात मामांनी शोकेस बांधायला घेतली होती. शटरच्या आतल्या बाजूला, अर्ध्या तोंडाला विटांचा ओटा, वर लाकडी चौकट, पुढे काच. स्वतःच्या हातांनी. लोक विचारत, सलूनला शोकेस कशाला? मामा म्हणत, दुकानाला शोभा नको? काचेमागे ठेवायला काही नव्हतं. मग कुठूनतरी प्लॅस्टरचं एक डोकं आणून त्यावर टोप चढवला. त्या डोक्याचं नाक पहिल्याच वर्षी गेलं. इतकी वर्षं ते बिननाकाचं डोकं रस्त्याकडे बघत होतं, आणि मामांना वाटत होतं की ते दुकानाची शोभा आहे.

ती वीत त्यांनीच बांधली होती. विटा-चुन्यात. सासरे केव्हाच गेले, आणि ती मात्र पहारा देत उभी राहिली.

मामांनी डोकं आधी उचललं, पुसलं आणि आतल्या खुर्चीवर नीट बसवलं. मग काच काढली. मग शेजारच्या लोहाराकडून घण मागून आणला.

"मामा, काय झालं?" लोहार धावत आला.

"काही नाही. शोभा जास्त झाली होती."

पहिला घाव घातला तेव्हा हात दुखला. पाचव्या घावाला विटा बोलायला लागल्या. मामांनी त्या भिंतीला मनातल्या मनात जे जे ऐकवलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यात सासरे होते, ग्रीसचे पाय होते आणि बरंचसं स्वतःबद्दल होतं.

रात्र दुकानातच काढून सकाळी ते घरी आले तेव्हा भुवयांवर चुना होता. मामी चहा गाळत होत्या. आभाळ पितळेसारखं झालं होतं आणि वारा अजून नुसताच घरात डोकावून जात होता.

"मावते," मामा म्हणाले.

मामींनी त्यांच्या भुवयांकडे पाहिलं. "कशी?"

"माझं मोजायला चुकलं होतं."

"बरं," मामी म्हणाल्या. यावेळीही पट्टीकडे हात गेला नाही.

ग्रीस आला. पुढच्या खुर्चीचे बोल्ट फरशीत गंजून बसले होते, ते सोडवताना तो पोटावर आडवा झाला, आणि मामांना पहिल्यांदाच त्या पायांशेजारी स्टुलावर बसून पाना धरावा लागला. "डावीकडे दाबा, डावीकडे," पाय म्हणाले. मग म्हणाले, "मामा, खरं सांगू? तुमची बायको माझ्याशी काय बोलते माहीत आहे? सगळी तुमचीच गाऱ्हाणी. बटाटे कमी आणलेत, खोकला अंगावर काढताय." मामांना हे सुख म्हणून घ्यावं की अपमान म्हणून, कळेना. त्यांनी पाना दाबला. "आणि हसते ती?" "तेही तुम्हालाच," पाय म्हणाले.

खुर्ची निघाली. आरशांवर टॉवेल आणि गोधड्या बांधल्या. मामांची गोधडी मधल्या, सगळ्यात मोठ्या आरशाला गेली. मामींनी गाडी उताराशी आणली, आरशात एकदा मागे पाहिलं आणि ग्रीसच्या हातवाऱ्यांवर बोट बोट पुढे घेत आत घातली. दोन्ही बाजूंना जेमतेम माणूस सरकेल एवढी जागा उरली. जिथे मामा उभे राहत, नेमकं तिथे तिचं लांब नाक आलं. खुर्चीवरचं बिननाकाचं डोकं त्या नाकाकडे बघत राहिलं.

ग्रीस आपल्या माणसांकडे पळाला. शटर आतून ओढून मामा-मामींनी कड्या घातल्या, दोन फळ्या आडव्या ठोकल्या. घरी जायची वेळ आता टळली होती.

वादळ दुपारी आलं. आधी ते रस्त्यावरून कागद घेऊन गेलं, मग पाट्या, मग कुणाचा तरी पत्रा फरफटत नेला, आणि मग आवाज वेगवेगळे ऐकू येईनासे झाले. शटर पोट भरून श्वास घ्यावा तसं आत यायचं आणि बाहेर जायचं. बसायला जागा नव्हती. मामी ड्रायव्हरच्या जागेवर बसल्या. मामांनी सवयीने मागच्या दाराच्या मुठीला हात घातला.

"मागे सामान आहे," मामी म्हणाल्या.

मामांनी काचेतून पाहिलं. मागच्या सीटवर त्यांच्या कात्र्या, वस्तरे, मशिनी, ब्रश, सगळं धुतलेल्या टॉवेलांत गुंडाळून ओळीने ठेवलेलं होतं. शटर फाटलं तरी ओलं होऊ नये म्हणून. हे मामींनी कधी केलं, त्यांनी पाहिलंच नव्हतं.

"पुढे या."

ते वळसा घालून आले आणि बाबांच्या जागेवर बसले. ती जागा त्यांना वाटली होती त्यापेक्षा कडक होती. स्प्रिंगा टोचत होत्या. एवढ्यासाठी मी जळत होतो, असं त्यांच्या मनात आलं, आणि तरी ते तिथे जरा रेलून बसले.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "चार बोटं नव्हती ती. वीतभर होती. मी मोजलंच नव्हतं."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"वीतभर आहे ते. परवाच ट्रकवाल्यांकडून वादळाचं कानावर आलं, तेव्हा तुम्ही चहाला गेलेले बघून शोकेसपासून भिंतीपर्यंत पट्टी लावून आले होते मी. तुम्हाला विचारायच्या आधी."

मामा मामींकडे वळले. "मग विचारलंस कशाला? आणि मी खोटं सांगितल्यावर बोलली का नाहीस?"

"काय बोलू? शोकेस फोडा म्हणू?" मामींनी स्टिअरिंगवरची नसलेली धूळ पुसली. "ती तुम्ही कशासाठी बांधलीत ते मला तेव्हाच कळलं होतं. ज्याला शोकेस हवी असते तो आधी माल आणतो. तुम्ही आधी विटा आणल्यात."

शटर आत आलं, बाहेर गेलं.

"मागून घेतलेलं मी वजनात धरत नाही," मामी म्हणाल्या. "तुमचं तुम्ही दिलंत तर ठीक. नाहीतर बसले असते शेडमध्ये दोरी धरून."

"आणि झाड पडलं असतं म्हणजे?"

"मग बाबांना सांगितलं असतं, जावई म्हणाला चार बोटं कमी होती."

तेवढ्यात बाहेर कुठेतरी, घराच्या दिशेला, काहीतरी मोठं मोडलं. सावकाश, तंतू तंतू तुटत, आणि शेवटी पत्र्यावर पडल्याचा लांब आवाज. दोघांनीही तो ओळखला. मामींचा हात बाजूला आला आणि मामांच्या मनगटावर घट्ट बसला. तिथे अजून चुना होता. तो हात दिवा धरलेला होता, ट्रक तोललेला होता. तो आता काहीच मोजत नव्हता.

मग वाऱ्याचा जोर क्षणभर ओसरला तेव्हा मामी पुढे बघतच म्हणाल्या, "काय ऐकू येतंय?"

मामा सावरून बसले. हा प्रश्न, ही जागा. त्यांनी मनापासून कान दिला. डॅशबोर्डकडे वाकले. मान तिरकी केली. कानामागे हात नेला. छातीचे ठोके आजही मोठेच होते. शेवटी हरल्यासारखे ते म्हणाले, "काही नाही."

"कसं येईल?" मामी म्हणाल्या. "बंद आहे ती."

आणि त्या हसल्या. ते सांडणारं हसू. बंद शटरच्या आत, गोधड्या पांघरलेल्या आरशांमध्ये, ते ओतप्रोत भरून राहिलं, आणि ते ऐकायला तिथे ग्रीसचे पाय नव्हते.